आठवीत नाव टाकलं, आता परिपाठातही नाव द्या

विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्राच्या मागून उघडतात. तिकडे जूनच्या मध्यात घंटा होते, तेव्हा आमच्याकडचं ऊन अजून उतरलेलं नसतं. आमची शाळा भरते जूनच्या शेवटच्या आठवड्यात. तोवर कुठे पेरणी आटोपलेली असते, कुठे लोक अजून आभाळाकडे पाहत असतात. आठवीचा वर्ग बघायचा तर याच आठवड्यात बघावा. आजूबाजूच्या खेड्यांत जिल्हा परिषदेची शाळा चौथीपर्यंत, फार तर सातवीपर्यंत. तिथून दाखला काढायचा, आधार कार्डाची झेरॉक्स जोडायची आणि मोठ्या गावच्या हायस्कूलला नाव टाकायचं. सहा-सात गावांची मुलं एका वर्गात येतात आणि पहिले काही दिवस एकेका गावची मुलं एकेका बाकावर चिकटून बसतात. जुन्या शाळेत जी मुलगी सगळ्या वर्गाकडून पाढे म्हणवून घ्यायची, ती इथे हजेरीला ‘यस मॅडम’ म्हणतानाही मान वर करत नाही.

मी याच पट्ट्यात, यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णी-दिग्रसकडच्या भागात, मराठी शिकवते. मी स्वतः खेड्यावरून एसटीने येऊन शिकले, म्हणून ती खाली गेलेली मान मला ओळखीची आहे. दरवर्षी आठवीच्या मुलांशी जे बोलते, ते यंदा लिहून काढते आहे. मुलांनी वाचावं, आणि त्यांच्या आईवडिलांनी, माझ्यासारख्या शिक्षकांनीही वाचावं.

सांगायचं आहे ते एवढंच, की शाळेत जे जे चालतं त्यात तुमचं नाव पहिल्याच महिन्यात सांगा. कुणी बोलावेल म्हणून थांबू नका.

शाळेत निवड कशी होते, हे मुलांना माहीत नसतं. सर फार विचार करून, सगळ्यांना पारखून मुलं निवडतात असं त्यांना वाटतं. खरं तर बहुतेक वेळा पंचायत समितीच्या शिक्षण विभागाचं पत्र येतं, हल्ली ते व्हॉट्सॲपवरच येतं. परवा तालुक्याला वक्तृत्व स्पर्धा आहे, शाळेतून दोन विद्यार्थी पाठवावेत. सर तासावर असतात. डोळ्यापुढे जी दोन नावं पहिल्यांदा येतात ती ते कळवून टाकतात. ती नावं बहुधा शाळेच्या गावातल्याच मुलांची असतात, कारण शाळा सुटल्यावरही ती मैदानावर दिसतात, सुट्टीच्या दिवशी झेंडा बांधायला येतात, त्यांचे वडील सरांना बाजारात भेटतात. सरांच्या मनात दुजाभाव नसतो, हाताशी वेळच तेवढा असतो. पण आठवीत ज्याचं नाव गेलं त्याचंच नववीत जातं, दहावीतही जातं, आणि पाच कोसांवरून येणारं एखादं हुशार पोरगं निरोप समारंभापर्यंत नुसतं टाळ्या वाजवत राहतं.

आणि हायस्कूल तसं मोठं थोडंच असतं? आठवी, नववी, दहावी. त्यातही दहावीची दिवाळी झाली की सराव परीक्षा आणि प्रात्यक्षिकांच्या वह्या सुरू होतात. म्हणजे हातात येतात जेमतेम अडीच वर्षं. आठवीचं वर्ष बुजण्यात गेलं आणि नववीचं ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणण्यात गेलं, की संपलं.

माझा आग्रह असा, की सुरुवात परिपाठापासून करावी. राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, प्रार्थना, मग सुविचार, दिनविशेष, बातम्या, बोधकथा, प्रश्नमंजूषा. रोजचं झाल्यामुळे मुलांना ते कधी संपतं असं होतं. मला मात्र शाळेतला हाच वेळ सगळ्यांत मोलाचा वाटतो. तो शाळेच्या वेळात असतो, त्यामुळे बसने येणारी पोरं त्याला हजर असतात. त्याला फी नाही, पोशाख नाही, निवड चाचणी नाही. वर्गावर्गाची पाळी येते आणि त्या आठवड्यात वर्गशिक्षकांना रोज चार-पाच जण हवेच असतात. मागायला जावं तर नाही म्हणणारं कुणी भेटत नाही.

पहिल्या वेळी दिनविशेष मागून घ्या. बातम्यांना वर्तमानपत्र लागतं, ते सगळ्या गावांत सकाळी पोचत नाही. बोधकथा पाठ करावी लागते. दिनविशेष पाच-सहा वाक्यांचा असतो आणि आदल्या संध्याकाळी तयार करता येतो. तो घरी मोठ्यानं वाचा, आजीला ऐकवा. आजीला जिथे कळत नाही तिथे वाक्य लांब झालेलं असतं, ते तोडा. माईकपासून वीतभर लांब उभं राहा. पहिल्या रांगेतल्या ओळखीच्या चेहऱ्यांकडे पाहू नका, ते हसवतात. सगळ्यांत मागच्या रांगेला ऐकू जावं अशा बेतानं बोला आणि शेवटचं वाक्य संपेपर्यंत पाय हलवू नका. एवढं जमलं की पहिली वेळ निभावते. दुसऱ्या वेळी भीती असते पण ती गुडघ्यांत राहत नाही, पोटात राहते. तिसऱ्या-चौथ्या वेळेला मूल वर पाहू लागतं.

दिनविशेषात ‘आजच्या दिवशी यांचा जन्म झाला, आजच्या दिवशी यांचे निधन झाले’ एवढंच वाचून उतरू नका. २० डिसेंबरला गाडगेबाबांची पुण्यतिथी येते. १९५६ साली ते गेले. त्यांचं शेंडगाव आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात. ज्यांना शाळेत जायला मिळालं नाही, ते बाबा कीर्तनात समोर बसलेल्यांना प्रश्न विचारत बोलायचे, आणि बोलायचे ते आपल्या वऱ्हाडीत. २७ डिसेंबरला पंजाबराव देशमुखांची जयंती. तेही याच जिल्ह्यातल्या पापळचे. परदेशात जाऊन शिकले, पुढे देशाचे कृषिमंत्री झाले, आणि १९३२ साली त्यांनी अमरावतीत शिवाजी शिक्षण संस्था उभी केली. तिच्या शाळा-महाविद्यालयांत विदर्भातल्या शेतकऱ्यांच्या किती पिढ्या शिकल्या. तुमच्या घरात त्या संस्थेत शिकलेलं कुणी असेल तर त्यांचं एक वाक्य विचारून आणा आणि माईकवर सांगा. सगळी शाळा कान देऊन ऐकते, हे मी पाहिलं आहे.

भाषेचं इथेच बोलते, कारण मराठीची शिक्षक म्हणून मला ते लागतं. खेड्यातली कितीतरी मुलं माईकपासून पळतात ती ‘आपलं बोलणं अशुद्ध आहे’ या धाकानं. “मॅडम, मले नाही जमत. पोट्टे हासतेत.” हे वाक्य दर आठवीत ऐकू येतं. उत्तरपत्रिकेत प्रमाण मराठी लिहायला मी शिकवीनच, ते माझं कामच आहे. पण बोधकथा सांगताना, नाटुकल्यात, स्वतःचा अनुभव सांगताना घरची बोली आणायला अजिबात लाजू नका. जी भाषा तुमच्या तोंडात खेळते, तिच्यात तुमचा आवाज मोकळा निघतो. आणि जी पोरं हसतात तीही घरी गेल्यावर तसंच बोलतात.

आता बसचं. आमच्याकडे मुलांच्या आयुष्यातली सगळ्यांत मोठी अडचण हीच आहे आणि तिच्याबद्दल सगळ्यांत कमी बोललं जातं. ग्रामीण भागातल्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा मोफत पास आहे, मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बसगाड्या मुलींसाठी धावतात, कुणाला सायकल मिळालेली असते. यामुळे मुली शाळेत आल्या, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण शाळा सुटली की गाडी. गाडी गेली की गेली. लेझीमचा सराव शाळा सुटल्यावर, खो-खोचा सराव शाळा सुटल्यावर, गॅदरिंगची तालीमही तेव्हाच. मग बसच्या मुलीनं लेझीमला नाव कसं द्यायचं?

याला दोन वाटा मला ठाऊक आहेत. पहिली शिक्षकांच्या हातात आहे. बसच्या मुलांचा सराव मधल्या सुट्टीत, कार्यानुभवाच्या किंवा शारीरिक शिक्षणाच्या तासिकेला घेता येतो. वेळापत्रकात या तासिका असतातच, त्या गणिताला देऊन टाकायच्या नाहीत. मुलांनो, तुम्ही चार-पाच जणांनी मिळून सरांकडे जाऊन, “आमची गाडी पाचची आहे, आमचा सराव तासिकेत घ्याल का?” असं सरळ विचारा. एकट्यानं विचारायला धीर होत नाही, चौघांत होतो. दुसरी वाट थोडी लांबची. गाडीची वेळ अर्धा तास पुढे हवी असेल तर मुख्याध्यापकांचं पत्र आणि ग्रामपंचायतीचा ठराव घेऊन एसटीच्या आगार व्यवस्थापकांकडे अर्ज करायचा. अर्जात आत्ताची वेळ, हवी असलेली वेळ आणि त्या गाडीनं जाणाऱ्या मुलांची संख्या स्पष्ट लिहायची. दरवेळी जमतं असं नाही. पण अर्जच केला नाही तर आगाराला तुमची अडचण कळायची कशी? हा अर्ज आठवी-नववीच्या मुलांनी स्वतः लिहावा, मी तपासून देते. पत्रलेखनाचा असा धडा पुस्तकात कुठे सापडणार?

मैदानाबद्दल बोलताना माझं मन जास्त रेंगाळतं, कारण तिथे मुलींना घरून सोडत नाहीत. सातवीपर्यंत मुलांबरोबर विटीदांडू खेळलेली मुलगी आठवीत आली की घरात कुणीतरी म्हणतंच, “आता मोठी झाली, कायले जाते खेळाले? अन् गाडी हुकली त कशी येशीन?” हे म्हणणाऱ्या आईला मी दोष देत नाही. रस्ता सुनसान असतो, दिवस लवकर मावळतो, आणि तिची काळजी खरी आहे. त्या काळजीला उत्तर द्यावं लागतं, वाद घालून ती जात नाही. म्हणून खेळायची इच्छा असलेल्या मुलींना मी सांगते की घरी विचारायला स्पर्धेच्या आदल्या रात्रीपर्यंत थांबू नका. आदल्या रात्री विचारलं की ‘नाही’ हेच उत्तर येतं, कारण कुणाला चौकशी करायला वेळच उरत नाही. आठवडाभर आधी सांगा. कुठे जायचं, कुणाबरोबर, कोणत्या गाडीनं, परत किती वाजता, सोबत कोणत्या मॅडम आहेत, हे एका कागदावर लिहून द्या. मॅडमचा नंबर आईच्या मोबाइलमध्ये सेव्ह करून द्या आणि एकदा बोलणं करून द्या. घरात जी आत्या किंवा काकू तुमच्या बाजूची असेल तिला आधी सांगा. आणि शाळेला माझी हात जोडून विनंती आहे, मुलींचा संघ बाहेर निघतो तेव्हा सोबत महिला शिक्षक असलीच पाहिजे. ती नसेल तर वडिलांच्या नकारावर बोलायचा आपल्याला हक्क राहत नाही.

पाळीचे दिवस आले तर काय, हेही मुली विचारत नाहीत, मनातच ठेवतात. तालुक्याच्या मैदानावर मुलींसाठी धड स्वच्छतागृह असेलच याचा भरवसा नसतो. पिशवीत पॅड, जुनं वर्तमानपत्र, पाण्याची बाटली आणि एक जादा सलवार ठेवा, आणि सोबतच्या मॅडमना न लाजता सांगा. पोट फार दुखत असेल तर न खेळण्यात कमीपणा नाही, आणि बरं वाटत असेल तर थांबायचंही काही कारण नाही.

खेळ कोणता घ्यावा? गावात राहून, पैसे न लागता खेळायचा तर कबड्डी आणि खो-खो. खो-खोला दोन खांब आणि फक्की एवढं पुरतं, संघात नऊ जणी मैदानात लागतात. अंगानं बारीक, पण पायानं चपळ मुलगी तिथे फार कामाची. गवत उपटत, बांधावरून उड्या मारत वाढलेल्या आपल्या पोरींना वळणं घेत धावायचं शिकवावं लागत नाही, श्वास कसा राखायचा तेवढं शिकवावं लागतं. या मातीला खेळाची परंपराही मोठी आहे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना १९१४ सालची. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी मंडळाचं पथक तिथे गेलं आणि त्यांनी कबड्डीसारख्या आपल्या खेळांची प्रात्यक्षिकं जगाला दाखवली. आपल्या अमरावतीतून, त्या काळी, बोटीनं! ही गोष्ट मी आठवीला सांगते तेव्हा मागच्या बाकावरची मुलं सरळ होऊन बसतात. शालेय स्पर्धा तालुक्यापासून सुरू होतात, पुढे जिल्हा, विभाग, राज्य अशा चढत जातात. वयोगट १४, १७ आणि १९ वर्षांखालचे. आठवीतलं मूल १४ च्या गटात बसतं की १७ च्या, हे जन्मतारखेवरून ठरतं. म्हणून दाखल्यावरची आणि आधार कार्डावरची तारीख एकच आहे ना, हे जुलैतच बघून घ्या. त्या एका फरकापायी ऐन मैदानावरून परत आलेली मुलं मी पाहिली आहेत.

ज्यांना मैदान आणि माईक दोन्ही नको वाटतात, त्यांच्यासाठी चित्रकला आहे. कला संचालनालयाच्या ग्रेड परीक्षा असतात, आधी एलिमेंटरी, मग इंटरमीजिएट. आठवीत एलिमेंटरी आणि नववीत इंटरमीजिएट असा बेत ठेवला तर दहावीच्या निकालात इंटरमीजिएटचे वाढीव गुण मिळतात, ‘ए’ ग्रेडला ७, ‘बी’ला ५, ‘सी’ला ३. शाळेत कलाशिक्षक नसले तरी मुख्याध्यापकांना विचारून जवळच्या केंद्रावर बसता येतं का ते बघा, आणि शाळा उघडताच बघा, कारण फॉर्मची तारीख पावसाळ्यातच निघून जाते. गुणांचं बोलले, पण मला त्यापेक्षा स्मरणचित्राचा पेपर जवळचा वाटतो. सराव करताना मुलं दोन डोंगर, मधून सूर्य, एक नदी आणि काठावर नारळाचं झाड काढतात. आपल्या गावात कुणी नारळाची बाग पाहिली आहे? कमरेला ओटी बांधून कापूस वेचणाऱ्या बाया, आठवडी बाजारात पसरलेल्या वांग्यांच्या ढिगामागे बसलेली म्हातारी, टँकरभोवती पाण्यासाठी मांडलेले गुंड, म्हणजे हंडे. हे तुम्ही रोज पाहता. परीक्षकाला हजार नारळाच्या झाडांत ही एक म्हातारी दिसली तर तो थांबेल, यात मला शंका नाही.

गॅदरिंगचा विषय मी थोडक्यात आटोपते. रेकॉर्ड डान्स असतो, तो मुलांना आवडतो, असू द्या. पण वर्षातून एक नाटुकलं तरी मुलांनी स्वतः लिहून बसवावं. पलीकडे पूर्व विदर्भात, गडचिरोली-चंद्रपूर-गोंदिया-भंडाऱ्याच्या झाडीपट्टीत, दिवाळीनंतर धानाची कापणी आटोपली की गावोगाव रात्रभर नाटकं होतात. वडसा हे त्या नाटक मंडळींचं मोठं ठाणं. तिथले रंगकर्मी परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. खेड्यातल्या माणसांनी खेड्यातल्या माणसांसाठी केलेलं नाटक एवढ्या मानाला पोचतं, हे आमच्या भागातल्या मुलांनाही कळायला हवं. ज्याला रंगमंचावर जायचं नाही त्यानं पडदा सांभाळावा, साउंडबॉक्सच्या तारा जोडाव्यात. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे एक मुलगा होता, तोंडातून शब्द निघायचा नाही. पण लाइट गेली की शिक्षक त्याच्याकडे धावायचे. आज तो आयटीआयला वीजतंत्रीचं शिकतो आहे.

गावातल्या भजनी मंडळात खंजिरी वाजवणारी मुलंही मला फार वेळा शाळेत गप्प बसलेली सापडतात. तुकडोजी महाराजांच्या मोझरीपासून आपल्या पट्ट्यातल्या लहान लहान वस्त्यांपर्यंत सामुदायिक प्रार्थना होते, आणि तिथे ही मुलं बिनदिक्कत गातात. तालाचा कान घरून घेऊन आलेलं मूल शाळेच्या प्रार्थनेला ढोलकीवर का नसावं? सांगा तुमच्या मॅडमना. त्यांना माहीतच नसतं.

विज्ञान प्रदर्शनाला थर्माकोलचा ज्वालामुखी नेऊ नका. सहावीपासूनच्या मुलांसाठी इन्स्पायर मानक नावाची केंद्र सरकारची योजना आहे. शाळा मुलांच्या कल्पना ऑनलाइन पाठवते आणि कल्पना निवडली गेली तर प्रतिकृती बनवायला मुलाच्या बँक खात्यात १०,००० रुपये येतात. पोषण आहाराच्या, शिष्यवृत्तीच्या निमित्तानं काढलेलं ते खातं चालू आहे ना, आधारशी जोडलं आहे ना, एवढं पालकांनी बघून ठेवावं. कल्पना कुठून आणायची? २०१७ साली आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्या पावसाळ्यात आमच्या शाळेतल्या मुलांच्या घरातही रात्री झोप नव्हती. उंच वाढलेल्या पऱ्हाटीत पंप पाठीवर घेऊन शिरलं की औषध अंगावर कसं येतं, हे शहरातल्या मुलाला पुस्तकातून वाचावं लागतं, तुम्हाला बाबांच्या शर्टावर दिसतं. नोझल कुठे असावं, तोंडावर बांधायचं फडकं कशाचं असावं, वाऱ्याची दिशा कशी ओळखावी, यावर तुम्ही विचार केला तर तुमच्या विज्ञानाच्या सरांनाही नवं शिकायला मिळेल.

मग येतो ऑक्टोबर-नोव्हेंबर. सोयाबीनची सोंगणी, पाठोपाठ कापसाची वेचणी. वर्गातली हजेरी उतरते. “आठ दिवस नाही येत मॅडम, कापूस फुटला.” हे मी थांबवू शकत नाही, आणि ज्या घरात मजूर मिळत नाही किंवा परवडत नाही त्या घराला उपदेश करणं मला जमत नाही. एवढंच सांगते की ज्या संघात किंवा ज्या कामात तुम्ही असाल, तिथे जायच्या आधी सांगून जा. न सांगता गैरहजर राहिलं की जागा दुसऱ्याला मिळते. सांगून गेलं की सर जागा राखतात. आणि शिक्षकांनी या दिवसांत निवड चाचण्या ठेवू नयेत. कष्ट करणाऱ्या घरातलीच मुलं नेमकी त्यात गळतात.

“अभ्यास बुडतो” हे पालकांचं म्हणणं मी दर सभेत ऐकते. एकाच वेळी लेझीम, नाटक, प्रदर्शन आणि कबड्डी घेतली तर बुडेलच. म्हणून एक काम निवडा आणि ते तीन वर्षं धरून ठेवा. पहिल्या वर्षी बघून शिका, दुसऱ्या वर्षी पुढे व्हा, तिसऱ्या वर्षी दिवाळीपर्यंत आठवीतल्या कुणाला तरी शिकवून मोकळे व्हा. तीन वर्षं खो-खो खेळलेली, पण तालुक्याच्या पुढे कधी न गेलेली मुलगी माझ्या दृष्टीनं दर आठवड्याला नवं काही धरून सोडणाऱ्या मुलापेक्षा कितीतरी पुढे गेलेली असते. अकरावीला तालुक्याच्या कॉलेजात गेल्यावर खिडकीपाशी उभं राहून फॉर्मबद्दल विचारायचं असतं, तेव्हा तिचा आवाज निघतो. पालकांना हे पटायला वेळ लागतो. लागू द्या.

शेवटी त्या शाळांचं, जिथे कलाशिक्षक नाही, क्रीडाशिक्षक नाही, मैदानावर पाणी साचलेलं आहे. अशा शाळा आपल्याकडे पुष्कळ आहेत, आणि तिथल्या मुलांनी ‘आमच्याकडे काहीच नाही’ म्हणून गप्प बसावं असं मला मुळीच वाटत नाही. त्यांनी भित्तिपत्रक सुरू करावं. एक कार्डशीट, दोन रंगांचे स्केचपेन, चार टाचण्या आणि व्हरांड्यातली एक भिंत लागते. चौघांचं संपादक मंडळ करा, त्यात किमान दोघं बसनं येणारे असू द्या, कारण बाहेरगावच्या बातम्या तेच आणतील. मधल्या सुट्टीत लिहा, महिन्यातून एक अंक लावा. अक्षर ज्याचं चांगलं त्यानं उतरवायचं, मजकूर ज्याचा त्याचं नाव खाली. कोऱ्या कागदापुढे हात अडला तर घरी विचारा. पोळ्याच्या दिवशी बैल तोरणाखाली उभे राहिले की तुमच्या गावात कोणत्या झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, म्हणतात? त्या गावागणिक वेगळ्या असतात आणि म्हणणारी माणसं म्हातारी होत चालली आहेत. पोळा श्रावण अमावास्येला येतो, म्हणजे शाळा उघडल्यावर दोन-अडीच महिन्यांनी. तेवढ्यात वही आणि पेन घेऊन चार म्हाताऱ्यांकडे जाऊन बसता येतं. एकेका गावची एकेक झडती, सांगणाऱ्याचं नाव, गावाचं नाव, आणि उतरवून आणणाऱ्या मुलाचं नाव, एवढा मजकूर पहिल्या अंकाला भरपूर होतो.